घरातलं गाणं कोण सांभाळणार?

मैत्रिणींनो, जुन्या तबकड्यांचे दिवस परत आलेत, अशी बातमी अलीकडे अधूनमधून वाचायला मिळते. अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा तबकड्या जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच! आपल्याकडे मात्र २०२४ साली एअरटेलने विंक म्युझिक हे गाण्यांचं अ‍ॅप बंदच केलं. रोजची गाणी त्यावर ऐकणाऱ्यांना दुसरी सोय बघावी लागली. या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. गाणं ऐकायला मिळणं वेगळं आणि ते आपल्याजवळ असणं वेगळं.

थोडं मागे जाऊन बघू या. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. तेव्हाच्या तबकड्या लाखेच्या, हातातून पडली की तुकडे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. आपलं आटोपशीर भावगीत त्या मापात छान बसलं आणि घरोघरी गेलं. चांगल्या घरच्या बाईने चारचौघांत गाणं वाईट समजलं जाई, त्या काळात हिराबाई बडोदेकरांचा आवाज याच तबकडीवरून माजघरापर्यंत पोचला. पण ग्रामोफोन असायचा पैसेवाल्यांकडे. त्याची चावीही बहुतेक घरच्या पुरुषांच्याच हातात!

मग रेडिओने गाणं स्वस्त केलं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण आठवड्याला एक गीत असं वर्षभर चाललं. १९७७ साली रत्नागिरीत आकाशवाणी केंद्र आलं आणि आपल्या भागातले आवाज रेडिओवर येऊ लागले. हात पोळ्या लाटतायत आणि कान रेडिओकडे, हे चित्र तुम्हालाही आठवत असेल. पण रेडिओवर गाणं लागेल तेव्हाच ऐकायचं. ते धरून ठेवता येत नसे.

खरा बदल केला तो कॅसेटने. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या. जाखडीच्या, शक्ती-तुऱ्याच्या कॅसेट वाड्यावाड्यांत वाजू लागल्या. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रेकॉर्डिंगचं ते लाल बटण. तोवर कुणाचा आवाज टिकवायचा हे कंपनी ठरवायची. आता कोरी कॅसेट घालून कुणीही आजीच्या ओव्या, गौरीची गाणी, लग्नातली हळदीची गाणी भरून घेऊ शकत होतं. आपल्या घरातला आवाज पहिल्यांदाच आपल्या हाती आला.

त्या कॅसेट आज कुठे आहेत? आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी सासूबाईंच्या गाण्यांची कॅसेट माळ्यावरून काढली, तर फितीवर पांढरी बुरशी! कोकणातली हवाच दमट. चार महिने पाऊस, त्यात बंद कपाट. फीत चिकटते, तिच्यावरचा थर सुटतो, आवाज विरत जातो. लतादीदींचं गाणं कुणीतरी सांभाळेल, कारण त्याला बाजारात किंमत आहे. सासूबाईंचं गाणं आपल्याशिवाय कोण सांभाळणार?

तुम्ही म्हणाल, आता तर प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे. खरं आहे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि हवं ते गाणं क्षणात मिळू लागलं. रेकॉर्डिंगही सोपं झालं. पण मेमरी भरली की आपण पुसून टाकतो, फोन बिघडला की सगळंच जातं.

मनावर घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आज पारी या संस्थेच्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. गिरणी आल्यावर जातं थांबलं, पण दळणाऱ्या बायकांची सुखदुःखं उरली, ती कुणीतरी बसून ऐकून घेतली म्हणून.

आपल्याला एवढं मोठं काम नाही करायचं. पाऊस सुरू होण्याआधी माळा आणि कपाट तपासा. बुरशी दिसली तर कॅसेट तशीच वाजवू नका, फीत तुटते आणि टेपही खराब होतो. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. मग टेपमधून वायरने कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, गावातला एखादा स्टुडिओवाला किंवा कॉलेजातला मुलगा हे करून देईल. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी नात्यातल्या कुणाकडे ठेवा. आणि हो, कोण गातंय, कुठल्या गावची, साल कोणतं, हे लिहून ठेवायला विसरू नका. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला परकाच वाटतो.

गौरी-गणपतीत सगळ्याजणी माहेरी-सासरी जमतील. फुगड्या होतील, गाणी होतील. ज्या काकूंना, आत्यांना अजून जुनी गाणी येतात, त्यांना शेजारी बसवा, घरातला टीव्ही बंद करा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. मध्येच कुणी हसेल, भांडं पडेल, असू दे. तेही आपल्याच घरचे आवाज.