यंत्राचे सहा इंच आणि गँगमनचा जीव

विदर्भाच्या कोळसापट्ट्यातल्या एका जंक्शनवर आम्ही काही कार्यकर्ते गाडीची वाट बघत उभे होतो. पलीकडच्या लाईनवर मधोमध खोलगट असलेला एक मालडबा लागला होता. रेल्वेवाले त्याला वेल वॅगन म्हणतात. त्यावर ताडपत्रीत गुंडाळलेला खाणीतल्या यंत्राचा एक अवाढव्य भाग होता, डब्याच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. कर्मचारी फीत लावून माप घेत होते, साखळ्या तपासत होते, कागदावर आकडे लिहीत होते. खाली खडीवर गँगचे चार-पाच लोक खांद्यावर पहार घेऊन उभे होते. आमच्यातल्या एकाचा बाप आयुष्यभर गँगमन होता. तो म्हणाला, "आमच्या बापाला असं कुणी कधी मोजलं नाही."

हा लेख त्याच वाक्यातून निघाला आहे.

रेल्वेच्या भाषेत अशा मालाला ओडीसी म्हणतात, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा माल. ब्रॉडगेजवर मालडब्याची कमाल रुंदी ३२५० मिलिमीटर आणि मध्यावरची उंची ४२६५ मिलिमीटर ठरलेली आहे. त्यापेक्षा मोठं काही न्यायचं असेल तर आधी संपूर्ण मार्ग तपासावा लागतो. कुठला पूल, कुठला फलाट, कुठला सिग्नलचा खांब किती जवळ येतो याचा हिशेब होतो. मालापासून बाजूच्या बांधकामापर्यंत नऊ इंच किंवा जास्त जागा उरली तर वर्ग अ, सहा ते नऊ इंच उरली तर ब, सहाच्या आत आली तर क. क वर्गाचा माल दिवसाउजेडीच न्यायचा, गती अगदी कमी, सोबत जबाबदार कर्मचारी. वरची विजेची तार फार जवळ येत असेल तर तिचा प्रवाह बंद करायचा. शेजारच्या रुळावरची गाडी घासण्याची भीती असेल तर ती अडवून धरायची.

आमचा या काळजीला विरोध नाही. ही काळजी घेतलीच पाहिजे, नाहीतर अपघात होतील आणि मरतील पुन्हा आपलेच लोक. आमचा प्रश्न असा आहे की सहा इंच मोजण्याची ही अक्कल ज्या व्यवस्थेकडे आहे, तिला रुळावर वाकून चाव्या ठोकणाऱ्या माणसापासून गाडी किती अंतरावरून जाते हे का मोजता येत नाही? डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कामावर मारले गेले असं त्यात नोंदवलं आहे. याच काळात गाड्यांच्या अपघातांत मेलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे. गाडी घसरली की वाहिन्यांवर दिवसभर बातमी चालते. गँगमन मेला की फक्त त्याच्या वस्तीला कळतं.

आणि गँगमध्ये कोण असतं? हा प्रश्न बाबासाहेबांनी १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत उघडा केला होता. त्या भाषणातलं ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रूंचं सूत्र आपल्याला पाठ असतं. पण त्याच भाषणातला एक साधा तपशील आपण विसरतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून जन्मभर राबतो, त्याला साधा पोर्टरही होता येत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही वापरतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. सवर्ण कामगारही आपल्या जातभाईच्या बढतीआड येतो, हेही त्यांनी लपवलं नाही. लाल झेंड्याच्या मित्रांना हे ऐकायला आजही जड जातं, असो.

आता तो डबा जिथे जातो तिथे चला. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळच्या उघड्या खाणींत. मोठं यंत्र एका तुकड्यात येत नाही, सुटे भाग आणून खाणीवर जोडतात. यंत्र उभं राहिलं की शंभर माणसांचं काम चार माणसं करतात. यालाही आम्ही विरोध करत नाही. बाबासाहेब यंत्राचे शत्रू नव्हते. यंत्राशिवाय श्रमिकाला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, म्हणून त्यांनी गांधीवादाच्या चरख्यावर १९४५ मध्ये कठोर टीका केली. प्रश्न यंत्राचा मालक कोण आणि ते चालवणाऱ्याची नेमणूक कुणी केली, हा आहे.

१९७० च्या दशकात कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा खाणीतली नोकरी सरकारी झाली आणि तिच्यात आरक्षण आलं. आपल्या कित्येक घरांत पहिली पक्की भिंत त्या पगारातून उठली. आज मातीचे थर काढण्याचं पुष्कळ काम कंत्राटदाराच्या भाड्याच्या यंत्रांवर चालतं. कंत्राटदाराच्या डंपरवरच्या ड्रायव्हरला बिंदुनामावली लागू नाही, बढती नाही, युनियनचं बळ नाही. कागदावर आरक्षण शाबूत आहे, फक्त ते ज्या जागेवर लागायचं ती जागा उरलेली नाही. आरक्षण हटवा म्हणून कुणाला मोर्चा काढावा लागला नाही.

जमीन गेली त्यांना साधारण दोन एकरांमागे एक नोकरी मिळते. ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, जे त्या शेतात पिढ्यानपिढ्या मजुरी करत होते, त्यांचं काय? शेत गेलं म्हणजे त्यांचीही मजुरी गेली. पण हिशेबात ते कुठल्याच वर्गात बसत नाहीत, अ, ब किंवा क.

मजूरमंत्री असताना बाबासाहेब १९४३ च्या डिसेंबरात धनबादला गेले, खाणीत उतरले, कामगारांची घरं पाहिली. १९४४ च्या जानेवारीत खाणकामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. आधी माणूस पाहिला, मग कायदा केला.

म्हणून कोळसापट्ट्यातल्या तरुणांना आमचं सांगणं आहे. जयंतीच्या वर्गणीतले पन्नास रुपये माहिती अधिकाराच्या अर्जासाठी बाजूला काढा. आपल्या खाणीत कंत्राटी यंत्रं किती, त्यांवर माणसं किती, गेल्या दहा वर्षांत पक्क्या चालकाच्या किती जागा रद्द झाल्या आणि त्यांतल्या राखीव किती, हे विचारा. रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला विचारा की आपल्या विभागात रुळावर किती ट्रॅकमेंटेनर मेले आणि गाडी येताना इशारा देणारं यंत्र किती गँगच्या हातात पोचलं. उत्तर आलं की आम्हाला पाठवा. नाही आलं तर अपिलाचा मसुदा आम्ही लिहून देऊ.

जय भीम.