दातांचा धडा आणि यकृताचा धडा एकत्र शिकवूया



पचनसंस्था शिकवताना आपण सुरुवात तोंडापासून करतो. तोंड, अन्ननलिका, जठर, आतडी, यकृत अशी आकृती फळ्यावर काढतो, मुलांकडून नावं पाठ करून घेतो. दातांची निगा मात्र वेगळ्याच दिवशी, 'स्वच्छतेच्या सवयी' म्हणून उरकून टाकतो. माझं स्पष्ट मत आहे की हे दोन्ही धडे एकत्र शिकवायला हवेत. का ते सांगते.

दात घासताना ब्रशवर रक्त दिसलं की बहुतेक घरांत काय म्हणतात? "ब्रश लागला असेल." खरं तर दातांच्या मुळाशी थर साचतो, त्यात जंतू वाढतात, हिरड्या सुजतात आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. दुखत नाही, म्हणून आपण लक्ष देत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं की हिरडी दातापासून सुटते, आतलं हाड झिजतं आणि दात हलू लागतात. यालाच आपल्याकडे पायोरिया म्हणतात.

आता फॅटी लिव्हर बघा. यकृताच्या पेशींत गरजेपेक्षा जास्त चरबी साठते. हाही आजार सुरुवातीला दुखत नाही. पुष्कळांना तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत कळतो. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाला तो होतो, आता मुलांमध्येही आढळतो. आपल्या देशात वेगवेगळ्या पाहण्यांत 9 ते 32 टक्के लोकांना तो असल्याचं दिसलं. म्हणूनच 2021 मध्ये केंद्र सरकारने मधुमेह, कर्करोग, हृदयरोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचाही समावेश केला.

मग हिरडी आणि यकृत यांचा संबंध काय? वाटा दोन आहेत. पहिली रक्ताची. सुजलेली हिरडी म्हणजे उघडी जखमच. तिथून जंतू आणि त्यांची विषं रक्तात शिरतात. दुसरी लाळेची. आपण दिवसभर लाळ गिळतो, तिच्याबरोबर हे जंतू आतड्यात जातात आणि तिथल्या चांगल्या जंतूंचा तोल बिघडवतात. आतड्यातलं रक्त आधी यकृताकडेच जातं, त्यामुळे झळ यकृताला बसते. जपानमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हिरड्यांच्या आजारातला एक प्रमुख जंतू फॅटी लिव्हरच्या सुमारे 47 टक्के रुग्णांच्या तोंडात सापडला. ज्यांना हा आजार नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 22 टक्के होतं.

पण इथे शिक्षक म्हणून एक गोष्ट नीट सांगायला हवी. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली, असं लगेच ठरत नाही. जास्त साखर, मधुमेह, तंबाखू यांनी हिरड्याही बिघडतात आणि शरीराचं बाकी आरोग्यही. त्यामुळे 'दात घासा, लिव्हर सुधारेल' असं 'पी हळद नि हो गोरी' छापाचं वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तर पुढे पाठवू नका. यकृतासाठी योग्य आहार, हालचाल आणि आटोक्यातलं वजन यांना पर्याय नाही.

तरीही हिरड्यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. यकृत आपल्याला दिसत नाही, हिरडी आरशात दिसते. दोन्ही आजार मुकाट वाढणारे. त्यातला एक निदान रक्ताची खूण तरी दाखवतो. ती खूण ओळखायला मुलांना शिकवणं आपल्या हातात आहे.

पहिलीच्या वयात, म्हणजे साधारण सहाव्या वर्षी, कायमचे दात येऊ लागतात. हिरड्या हुळहुळतात, मुलं नेमकी तीच जागा घासायची सोडतात. तेव्हाच सांगायचं : रक्त आलं म्हणून ब्रश थांबवायचा नाही. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे घासायचं. सकाळी आणि झोपताना, दोन-दोन मिनिटं. आठ-पंधरा दिवसांत रक्त थांबलं नाही, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं. सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते, हेही सांगायचं, म्हणजे मुलं घाबरत नाहीत.

आणि पालकहो, तुमच्यासाठी एक विनंती. घरात कोणी मशेरी लावत असेल, तर ती दातांचं औषध नाही, भाजलेला तंबाखूच आहे. आजी लावते म्हणून नात लावते. हे थांबवायला धडा पुरत नाही, घरच लागतं. शाळेत आम्ही मुलांचे दात बघू, घरी तुम्ही एकदा स्वतःच्या हिरड्या आरशात बघा.