उताणा पडला, म्हणजे मेला नव्हे!

सकाळी नातवाच्या काचपेटीकडे आजींची नजर जाते. पंजाएवढा केसाळ टारांटुला कोळी उताणा पडलेला, आठही पाय पसरलेले, हालचाल नाही. ‘मेलं वाटतं बिचारं,’ असे पुटपुटत त्या सुपली आणायला वळतात. तंजावरच्या राजवाड्याजवळचे जुने मराठी घर असो की पुण्यातला फ्लॅट, हा प्रसंग कुठेही घडू शकतो. नातू वेळेवर उठला नाही, तर एक जिवंत प्राणी केराच्या टोपलीत जातो.

कोळी मेलेला नसतो. तो कात टाकत असतो. सापाप्रमाणेच कोळ्याचे बाहेरचे कवच शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून आत नवे, मऊ कवच तयार होते, मग अंगातील द्रवाचा दाब वाढवून कोळी जुने कवच पाठीकडून फोडतो आणि एकेक पाय मोज्यातून काढावा तसा ओढून घेतो. लहान पिल्लाचे हे काम काही मिनिटांत उरकते, मोठ्याला कित्येक तास लागतात. पिल्ले वर्षातून अनेकदा कात टाकतात, पूर्ण वाढलेली मादी साधारण वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा.

मेलेला कोळी ओळखावा कसा? मरणारा कोळी बहुधा पालथाच असतो आणि त्याचे पाय पोटाखाली आवळलेले असतात. कात टाकणारा मात्र बऱ्याचदा रेशमाची चटई विणून तीवर उताणा पडतो. आधीची लक्षणेही ध्यानात ठेवावीत. तो काही दिवस, कधी काही आठवडे अन्न घेत नाही, सुस्त होतो, पोटाचा रंग गडद व चकचकीत दिसू लागतो.

अशा वेळी सर्वांत मोठी सेवा म्हणजे काहीही न करणे. पेटी हलवू नये, काचेवर टकटक करू नये, कोळ्याला सरळ करण्याचा किंवा अडकलेला पाय ओढण्याचा मोह टाळावा. पेटीतला जिवंत किडा, नाकतोडा आधीच काढून टाकावा. एरवी जो त्याचा घास, तोच या मऊ अवस्थेत त्याचा लचका तोडू शकतो. उथळ वाटीत स्वच्छ पाणी असावे. पेटी उन्हात किंवा पंख्याच्या थेट झोतात ठेवू नये. तंजावरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हे विशेष जपावे. हवा फार कोरडी झाली तर पेटीतील माती एका बाजूने ओलसर करावी, पाणी कोळ्याच्या अंगावर मात्र फवारू नये.

कात पडल्यावरही घाई नको. तेव्हा त्याचे विषदंत पांढुरके आणि मऊ असतात. ते काळे, टणक होईपर्यंत, म्हणजे मोठ्या कोळ्याला आठ-दहा दिवस, खायला देऊ नये. तुटलेला पाय असेल तर तो नव्या कवचाबरोबर पुन्हा फुटू लागतो, हे पाहून मुले थक्क होतात.

पण हा छंद धरण्याआधी एक गोष्ट जाणून घ्यावी. रानातून कोळी पकडून आणणे हा छंद नव्हे. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती गावावरून ओळखला जाणारा निळा टारांटुला १८९९ साली शास्त्रज्ञांनी नोंदवला. त्याच्या देखण्या रंगामुळे परदेशी बाजारात त्याला मागणी आली आणि जंगलही आक्रसत गेले. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. रामेश्वरमच्या चिंचेच्या झाडांवर राहणारी याच जातकुळीतली (genus) जात २००४ मध्ये नोंदवली गेली. २०१९ पासून ही सारी जातकुळी आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापाराच्या करारात आली. २०२२ साली दुरुस्त झालेल्या वन्यजीव कायद्यानुसार करारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. घरात कोळी असेल तर वन विभागाकडे चौकशी करून त्याची बाजू कायदेशीर करून घ्यावी.

तंजावरच्या सरफोजी राजांनी वैद्यक आणि निसर्गविज्ञानाचे ग्रंथ आवडीने जमवले. त्यांचे सरस्वती महाल ग्रंथालय आजही उभे आहे. पाहण्याचे कुतूहल त्या गावाला नवे नाही. तेव्हा सुपली खाली ठेवून आजींनी चष्मा लावावा आणि नातवाशेजारी बसावे. काही तासांनी पेटीत दोन कोळी दिसतील, एक जिवंत, एक रिकामा. रिकामी कात जपून डबीत ठेवावी. पुढच्या वेळी घरातले कुणीही ‘मेला’ म्हणणार नाही.