हरण्याची तालीम

दिवाळीच्या पाडव्याला पहाटे उठून बारा नमस्कार घालण्याचा संकल्प मी दर वर्षी करतो, आणि तुळशीचे लग्न लागेपर्यंत तो टिकवतो. दोन वर्षांपूर्वी मात्र कंबरेने असा दगा दिला की, वर्गात खडू खाली पडला तर तो उचलून द्यायला विद्यार्थी लागे. डॉक्टरांच्या धाकाने पाच महिने नेमाने व्यायाम केला. कंबर बरी झाली, व्यायाम सुटला. यंदा श्रावणात ती पुन्हा धरली, तेव्हा आमची सौ. म्हणाली, "अहो, दुखणं गेलं की तुमची भक्तीही जाते!"

अंथरुणावर पडल्या पडल्या वाचताना माझ्याच पंथाचे एक गृहस्थ भेटले. चंग मान-छिंग त्यांचे नाव. जन्म 1902 सालचा. चित्रकार, कवी, वैद्य आणि पेशाने माझ्यासारखेच मास्तर. तरुणपणी प्रकृती ढासळली म्हणून त्यांनी ताई-ची ही चिनी युद्धविद्या धरली, आणि बरे वाटताच सोडली. पुढे क्षयाने गाठले, खोकल्यातून रक्त पडू लागले. क्षयावरचे औषध निघायला अजून कित्येक वर्षे होती. त्यांनी ताई-ची पुन्हा धरली. दुखणे हटले ते तिच्यामुळेच, असे त्यांचे सांगणे. त्याचा निवाडा डॉक्टरांनी करावा. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. या खेपेस बरे झाल्यावरही त्यांनी ती सोडली नाही. 1975 साली मृत्यू येईपर्यंत सोडली नाही. का बरे?

ताई-चीचे पूर्ण नाव ताई-ची च्वान. च्वान म्हणजे मूठ. पाण्यात चालल्यासारख्या तिच्या संथ हालचाली पाहून हे म्हाताऱ्यांचे करमणुकीचे काम वाटते. पण मुळात ती लढण्याची विद्या. होनान प्रांतातल्या छन घराण्याच्या गावी यांग लू-छान एकोणिसाव्या शतकात ती शिकले. त्यांचे नातू यांग छंग-फू हे चंग यांचे गुरू. या विद्येत एक जोडीचा सराव असतो. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, हाताला हात लावायचा आणि एकमेकांचा तोल घालवायचा. गंमत अशी की, जो अंग ताठ करून अडवायला जातो तोच आधी पडतो. जोर आला की त्याला वाट द्यायची, आणि पाय मात्र जमिनीत रोवलेले ठेवायचे.

गुरू दिवसातून कित्येकदा एकच सांगत: सैल हो. चंग यांना ते काही केल्या साधेना. एका रात्री त्यांना स्वप्न पडले की, आपले दोन्ही हात खांद्यापासून मोडले आहेत. जागे झाले तेव्हा सैल होणे म्हणजे काय, ते उमगले. पुढे साठी ओलांडल्यावर, 1964 साली ते न्यूयॉर्कला गेले. तिथल्या शिष्यांनाही त्यांची हीच शिकवण होती की, आधी हरायला शिका. नुकसान सोसणे हेच इथले भांडवल.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. दुखणे एकदा बरे होते; ताठा रोज सकाळी नव्याने उगवतो. त्यावर तालीमही रोजचीच हवी.

हे वाचत होतो त्या दिवसांत आमच्या घरात अबोला होता. चिरंजीवांना अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष सोडून इतिहास शिकायचा होता. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या बापाने त्याला विरोध करावा, यातला विनोद मला दिसत नव्हता. मी ताठ, तो माझाच मुलगा. आठ दिवस आम्ही दोघे त्याच्या आईमार्फत बोलत होतो.

एका संध्याकाळी तो औषध द्यायला खोलीत आला. माझ्यापाशी सात मुद्दे तयार होते. ते गिळून मी म्हणालो, "बस जरा. तुझं काय म्हणणं आहे ते सांग." तो तासभर बोलला. मध्ये तीनदा माझी जीभ वळवळली, तीनदा मी आवरली. दोन वर्षे तो रात्रीची झोप गमावून बसला होता, हे मला त्या तासात प्रथम कळले. निर्णय अजून व्हायचा आहे. अबोला मात्र संपला.

परवा सौ.ने विचारले, "यंदा पाडव्याचा संकल्प काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "आजचे नमस्कार घातले. उद्याचे उद्या."

"आणि कंबर?"

"ती बरी आहे. म्हणूनच घातले."