कर्णधाराची कसोटी : १९२९ चे कॉलिंगवुड

१/४
कर्णधार थोर कशाने ठरतो? ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये एका संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात. एकट्याच्या पराक्रमावर तिथे फार काळ निभावत नाही. मेलबर्नच्या कॉलिंगवुड संघाचा सिड कॉव्हेंट्री याचीच साक्ष देतो.

२/४
१९२७ साली तो कर्णधार झाला. त्याच वर्षी संघाला विजेतेपद आणि त्याला ब्राउनलो पदक मिळाले. परंतु पदक हे खेळाडूचे मोजमाप आहे, कर्णधाराचे नव्हे.

३/४
१९२९ मध्ये साखळीतील सर्व १८ सामने कॉलिंगवुडने जिंकले. मग उपान्त्य सामन्यात रिचमंडने त्यांना ६२ गुणांनी धूळ चारली. साखळीतील अव्वल संघाला तेव्हा आव्हानाचा हक्क असे, म्हणून आणखी एक संधी उरली. अंतिम सामन्यात त्याच रिचमंडचा कॉलिंगवुडने २९ गुणांनी पराभव केला.

४/४
श्रेय प्रशिक्षक जॉक मॅकहेल यांचेही आहेच. पण सामना सुरू झाल्यावर सहकाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून झुंजतो तो कर्णधार. १९२७ ते १९३० अशा सलग चार विजेतेपदांची बरोबरी आजवर कोणी केलेली नाही. तरीही कॉव्हेंट्रीची थोरवी त्या १८ विजयांत शोधू नये. ती त्या एका मानहानीनंतरच्या दिवसांत शोधावी.