गिऱ्हाईक विचारपूस कुठे करते, ते आधी बघा

तालुक्याच्या गावात फ्लेक्स छापणारी दुकाने आता आणखी एक माल विकू लागली आहेत. महिन्याचे 'सोशल मीडिया पॅकेज'. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स, लिंक्डइन अशी पाच खाती उघडून द्यायची आणि दर आठवड्याला सगळीकडे एकच चित्र चिकटवायचे. पंप दुरुस्त करणारा असो, दंतवैद्य असो की घरगुती मसाले करणाऱ्या ताई, पॅकेज सगळ्यांना तेच. या खात्यांवर दिसते काय? गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, शिवजयंतीचे अभिवादन, महिला दिनाचा गुलाबी चौकोन आणि कोपऱ्यात दुकानाचा लोगो. माल कोणता, किंमत किती, दुकान किती वाजता उघडते, हे मात्र शोधूनही सापडत नाही. लाइक येतात ते मेहुण्याचे, साडूचे आणि पॅकेज विकणाऱ्याचे.

यात दुकानदाराची फार चूक नाही. त्याला सांगितलेच असे जाते की गर्दी आहे तिथे दुकान मांडा. पण मोबाइलमध्ये गर्दी सगळीकडेच आहे. भारतात एकट्या व्हॉट्सॲपचे वापरकर्ते पन्नास कोटींच्या आसपास धरले जातात. त्यातून आपल्याला काय कळले? विचारायला हवे ते वेगळेच. आपल्या धंद्यातले गिऱ्हाईक पैसे काढण्याआधी नेमकी कशाची खात्री करून घेते आणि ती कुठे करून घेते? याचे उत्तर धंद्यागणिक बदलते. म्हणून पाच ठिकाणी एकच चित्र लावणे हे पैसे घालवण्याचे सोपे साधन आहे.

येवल्याची पैठणी घ्या. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, पण बाजारात यंत्रमागाच्या पैठण्यांचा सुळसुळाट थांबला नाही. घेणाऱ्या बाईच्या मनात पहिली शंका तीच असते, ही हातमागाची आहे ना? अस्सल पैठणीचा पदर आणि काठ उलट बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो. हे फोटोत कळत नाही, साडी उलटून दाखवावी लागते. त्यामुळे रंग आणि मोर बघायला इन्स्टाग्राम ठीक, पण व्यवहार ठरतो तो व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर. विणकर माग दाखवतो, पदर उजेडात धरतो, पलीकडून नणंद-भावजय दोघी मिळून रंग नक्की करतात. या धंद्याला दोन जागा पुरतात, एक दाखवायची आणि एक बोलायची. तिसरी कशाला?

इथे एक खोड सांगितलीच पाहिजे. साडी असो वा चांदीचे दागिने, फोटोखाली लिहिलेले असते 'किमतीसाठी मेसेज करा'. विक्रेत्याला वाटते, यामुळे गिऱ्हाईक बोलते होईल. प्रत्यक्षात मराठी गिऱ्हाईक दोन गोष्टी मनात धरते. वस्तू परवडणारी नसणार, किंवा माणूस पाहून भाव सांगितला जाणार. मग ते पुढच्या फोटोकडे सरकते. रस्त्यावरच्या दुकानात काचेमागे किमतीची चिठ्ठी लावणारे लोक मोबाइलमध्ये ती का लपवतात, हे कोडे आहे.

हापूसची गोष्ट याहून बोलकी आहे. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी मुंबई-पुण्यात देवगडच्या नावाने दुसरीकडचा आंबा सर्रास खपतो. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात यावर उपाय काढला. प्रत्येक फळावर सांकेतिक क्रमांकाचा स्टिकर. घेणाऱ्याने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, उलट प्रश्न येतो तो स्टिकरच्या खाली दडलेल्या आकड्याचा. आकडा जुळला की बागायतदाराची माहिती मिळते. संस्थेने यासाठी नवे ॲप डाउनलोड करायला लावले नाही, इन्स्टाग्रामवर मागे लागायला सांगितले नाही. आंबा घेणाऱ्या काकांच्या हातात आधीच जे आहे, तेच वापरले. माध्यमाची निवड म्हणतात ती ही. शंका कोणती आहे ते ओळखले आणि ती जिथे सहज फेडता येईल ती जागा धरली.

भोसरी, चाकण किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग करून देणाऱ्या कारखानदाराचे गणित पूर्ण निराळे. त्याला लाख लोकांनी बघून उपयोग नाही, दहा कंपन्यांच्या खरेदी विभागांनी बघायला हवे. ते बघतात यंत्रांची यादी, कोणत्या मापापर्यंत अचूक काम होते, तपासणीची सोय आणि गुणवत्तेचे प्रमाणपत्र. अशा माणसाने रीलमध्ये नाचून उपयोग नाही. लिंक्डइनवर स्वतःच्या नावाने महिन्यातून एक नीट लिहिलेली नोंद टाकावी. कोणता भाग केला, अडचण काय आली, ती कशी सोडवली. सोबत यंत्राचा खरा फोटो, इंटरनेटवरून उचललेला चकचकीत परदेशी कारखाना नको. इंडियामार्टसारख्या घाऊक बाजारातून चौकशा येतात, त्यात रिकाम्या चौकशाही पुष्कळ असतात. पण चौकशी आल्यावर समोरचा माणूस नाव शोधतो आणि तेव्हा काहीतरी सापडावे लागते.

पुण्यात सदाशिव आणि नारायण पेठेत राज्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींच्या जिवावर अभ्यासिका, खानावळी आणि पुस्तकांची दुकाने चालतात. ही मुले टेलिग्रामवर असतात. नोट्स, चालू घडामोडी, निकालाची अफवा, सगळे तिथेच फिरते. अभ्यासिकेत जागा रिकामी झाली, तर टेलिग्रामवरचा एक संदेश फेसबुकच्या दहा जाहिरातींना भारी पडावा. पण पॅकेज विकणाऱ्यांच्या यादीत टेलिग्राम नसते, कारण तिथे सुंदर चित्र लावून बिल फाडता येत नाही.

त्याच पेठांतल्या खानावळीला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे गुगलच्या नकाशावरची नोंद. ती सोशल मीडियात मोडते की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा. नवीन मुलगा स्टेशनवर उतरल्यावर 'जवळची खानावळ' असे शोधतो. त्याला हवी असते वेळ, थाळीची किंमत, चार लोकांचे मत आणि रस्ता. नोंद फुकट होते. तरीही कितीतरी खानावळींच्या नोंदीत जुना फोन नंबर असतो, सोमवारची सुट्टी दाखवलेली नसते आणि 'भाजी बरी, पोळ्या गार' या तक्रारीला वर्षभर कोणी उत्तर दिलेले नसते.

यूट्यूबची चाल सगळ्यांत वेगळी. इन्स्टाग्रामवरची बहुतेक रील काही दिवसांत विरून जाते. यूट्यूबवरचा नीट शीर्षक दिलेला व्हिडिओ वर्षांनंतरही शोधून पाहिला जातो, कारण तिथे माणूस प्रश्न घेऊन येतो. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये, अमेरिकेत राहत असताना, पाककृतींचे चॅनेल सुरू केले. 'मधुराज रेसिपी' हे नाव आज मराठी घराघरांत माहीत आहे. होळी आली की पुरणपोळी आणि दिवाळी आली की चकली का मोडते, हे दरवर्षी नव्याने शोधले जाते. या ओळखीवर पुढे त्यांचे मसालेही बाजारात आले. कृती आधी आली, पुडा नंतर. ठिबकचे संच, फवारणी पंप, चारा कापायचे यंत्र विकणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. शेतकऱ्याला यंत्र चालताना, अडकताना आणि दुरुस्त होताना बघायचे असते. दहा मिनिटांचा साधा व्हिडिओ, स्वच्छ मराठी आवाज, शेवटी किंमत. मागे ढोल वाजवायची गरज नाही.

एक्सबद्दल एवढेच, की पत्रकार, पुढारी आणि तक्रारदार तिथे आहेत. मोठ्या बँकेला ते लागते, लोणच्याच्या धंद्याला नाही.

आता या सगळ्या जागांचा एक सामायिक धर्म आहे, आणि तो विसरणे महागात पडते. त्या भाड्याच्या आहेत. मालक कधीही कुलूप लावतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. खेड्यापाड्यांतून लाखोंचा चाहतावर्ग उभा केलेल्या मराठी मुलामुलींचे सारे संचित एका रात्रीत गेले. सरकारच्या निर्णयावर मते काहीही असोत, ज्यांनी त्या चाहत्यांना दुसरीकडचा पत्ता देऊन ठेवला नव्हता, त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, भारतीय म्हणून कौतुकाने स्वीकारलेले 'कू' २०२४ मध्ये. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास ठप्प झाले. तीन दुकाने वेगवेगळी वाटत होती, मालक एकच निघाला.

कधी मालक कुलूप लावत नाही, नुसता दिवा मंद करतो. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी जाहीर केले की फेसबुकवर यापुढे मित्र आणि नातेवाइकांच्या नोंदींना प्राधान्य मिळेल. तोवर पैसे खर्चून पानाला 'लाइक' मिळवलेल्या व्यावसायिकांच्या नोंदी त्याच लोकांपर्यंत पोहोचणे आणखी अवघड झाले. पोहोचायचे असेल तर जाहिरात घ्या.

आणि कधी चोर येतो. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचे 'आपली आजी' हे पाककृतींचे चॅनेल ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झाले. नातवाने धडपड केली आणि काही दिवसांनी ते परत मिळाले. सगळ्यांना ते परत मिळतेच असे नाही. दुहेरी पडताळणी सुरू करायला पाच मिनिटे लागतात. खाते दुकानाच्या स्वतःच्या नंबरवर असावे, पॅकेजवाल्याच्या नाही. त्याच्याशी भांडण झाले की पासवर्डही जातो आणि दुकानाचे नावही. फसवणूक झालीच, तर हाताशी असावा म्हणून १९३० हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक दुकानात भिंतीवर लिहून ठेवावा.

गाजणे आणि विकणे यांतले अंतर कोल्हापूरने अलीकडेच पाहिले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरी वळणाच्या चपला दाखवल्या. सोशल मीडियावर संतापाची लाट उसळली आणि कंपनीला भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. २०१९ मध्येच मानांकन मिळालेल्या चपलेला एवढी फुकट प्रसिद्धी कधी मिळाली नव्हती. तिचा फायदा कोणी घेतला? ज्यांचे ऑनलाइन दुकान तयार होते, मापांचा तक्ता होता, पैसे घ्यायची आणि परत करायची सोय होती, त्या विक्रेत्यांनी वादाच्या जोरावर जाहिराती केल्या आणि त्यांची विक्री वाढली. रोज चामडे ठोकणाऱ्या कारागिराच्या हातात व्हॉट्सॲप होते, पण त्याचा नंबर संतापलेल्या माणसाला माहीत नव्हता. लाट आली तेव्हा त्याच्यापर्यंत जायचा रस्ताच तयार नव्हता.

हाच हिशेब मिसळीच्या आणि थालीपिठाच्या रीलनाही लावावा. खाद्यभ्रमंती करणारा तरुण येतो, चीज ओढून दाखवतो, पुढचे दोन रविवार रांग लागते. रांगेला कंटाळून रोजचे गिऱ्हाईक शेजारी जाते आणि रविवारची रांग पुढच्या रीलकडे. अशी जाहिरात करायचीच असेल, तर तिच्यावर 'जाहिरात' असे स्पष्ट लिहिणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी तशी मार्गदर्शक सूत्रे जाहीर केली आहेत. फुकट जेवणही मोबदल्यातच धरले जाते, हे अनेक हॉटेलवाल्यांच्या गावी नाही.

छोट्या मराठी धंद्याने मग नेमके काय करावे? बोलण्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस, सापडण्यासाठी गुगलची नोंद आणि दाखवण्यासाठी आपल्या मालाला शोभेल अशी एकच जागा, यापेक्षा जास्त पसारा बहुतेकांना झेपत नाही आणि लागतही नाही. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. ही मर्यादा मानली जाते, खरे तर ती चाळणी आहे. नंबर जतन करणारी अडीचशे माणसे ही दहा हजार 'फॉलोअर'पेक्षा मोठी मिळकत आहे. त्यांची नावे फोनबाहेर, वहीत किंवा संगणकावर उतरवलेली असली, की कोणते ॲप बंद पडले याने धंदा बसत नाही.

मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात राज्यभरातल्या बचत गटांच्या महिला पापड, मसाले, गोधड्या घेऊन येतात. मुंबईकर पिशव्या भरभरून नेतात आणि घरी गेल्यावर तो मसाला कोणत्या गटाचा होता, हे विसरतात. पुढची भेट पुढच्या प्रदर्शनात. 'उमेद' अभियानाने आणि जिल्हा उद्योग केंद्रांनी या महिलांना रील कशी करावी हे शिकवण्याआधी तीन कामे करून द्यावीत. प्रत्येक गटाचा व्हॉट्सॲप बिझनेस नंबर आणि किमतींसह कॅटलॉग, प्रत्येक पुड्यावर ठळक छापलेला तोच नंबर, आणि विकत घेणाऱ्याला विचारून त्याचा नंबर लिहून घ्यायची वही. पुढच्या सरसच्या आत हे होऊ शकते.