ताजमधला मिकी आणि आपला कीबोर्ड

गेल्या रविवारी नांदेडात सी. रामचंद्रांच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. गायक बरे होते, निवेदक अखंड होता, आणि ‘शोला जो भडके’मधल्या क्लॅरिनेटच्या जागा कीबोर्डच्या एका बटणावर भागवल्या गेल्या. निवेदकाने सी. रामचंद्रांचं, म्हणजे अण्णा चितळकरांचं, पुणतांबं सांगितलं, लताबाईंशी झालेला अबोला चवीने रंगवला, भगवानदादांच्या मोटारी मोजून दाखवल्या. त्या गाण्यांत ज्यांनी फुंकलं, छेडलं, बडवलं, त्यांच्यातल्या एकाचंही नाव तोंडातून निघालं नाही.

या स्तंभाचे जुने वाचक आता उसासा टाकतील: झालं, पुन्हा श्रेयनामावली, आणि मग डीजे. होय, पुन्हा. डीजेचं जरा पुढे येईल.

14 ऑगस्ट 1947 ची रात्र घेऊ. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात स्वातंत्र्याचा जल्लोष चालू होता आणि त्या रात्री तिथे दोन बँड वाजले. एक चिक चॉकलेटचा, दुसरा मिकी कोरिआचा. (दुसऱ्या दिवशी तिकडे हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थ अटकेत होते, आपल्याकडे स्वातंत्र्य यायला अजून 13 महिने होते. मराठवाड्याला स्विंग उशिरा कळला याचं फार वाईट वाटून घेऊ नये.) दोघेही गोव्याच्या रक्ताचे, वयात दोन-तीन वर्षांचं अंतर, संगीत तेच, गिऱ्हाईक तेच. पुढे मात्र एकाचं नाव राहिलं आणि दुसऱ्याचं फक्त जाणकारांच्या तोंडी उरलं.

चिक म्हणजे आल्दोनचा अंतोनियो झेवियर वाझ. ट्रंपेटवाला, लुई आर्मस्ट्राँगचा निस्सीम भक्त. तो अण्णांच्या हाताखाली सहायक म्हणून गेला आणि 1951 च्या ‘अलबेला’मध्ये आपला बँड घेऊन चक्क पडद्यावर दिसला. पुढे 1966 च्या ‘आखरी खत’मध्येही त्याचा ट्रंपेट दिसतो. पुढच्याच वर्षी तो गेला. पण चेहरा फिल्मवर उतरलेला होता, त्यामुळे आजही जुन्या गाण्यांच्या मैफिलीत कुणीतरी शहाणा ‘तो बघा, तो चिक’ म्हणतो.

मिकीची कथा अशी चमकदार नाही. जन्म 1913 चा, मोंबासातला; वाढला कराचीत. घरच्यांचा बँड होता, त्यातून तो मुंबईला आला. त्याआधी, 1935 मध्ये, लिऑन ॲबी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांचा संच घेऊन ताजमध्ये उतरला होता. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. मुंबईच्या वादकांनी स्विंग ऐकला तो असा, शेजारच्या खुर्चीवरून. 1939 मध्ये मिकीने ताजमध्ये स्वतःचा बँड उभा केला आणि 1960 पर्यंत तो तिथेच राहिला. हातात सॅक्सोफोन, आणि स्विंगच्या रिवाजाप्रमाणे बाजूला क्लॅरिनेट, कारण त्या काळी बँडातल्या सॅक्सोफोनवाल्याला दोन्ही यावं लागे.

एकवीस वर्षं! महायुद्ध सुरू झालं नि संपलं, इंग्रज गेले, मुंबई राज्यात दारूबंदी आली. बंदीने क्लबांचा धंदा मोडला तसे अनेक गोवेकर वादक सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले हे लोक समोर ठेवलेला कागद पहिल्याच नजरेत वाजवत; मराठी-हिंदी संगीतकारांना ते हवेच होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही मंडळी तिथे संगीत-संयोजनाचा कणा झाली. गोन्साल्विसांचं नाव घराघरांत पोचलं ते मात्र 1977 च्या एका विनोदी गाण्यामुळे, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या कृपेने. मिकीचं ठाणं ताजच राहिलं. तिथे लोक जेवत, नाचत, आणि घरी जात.

आता बेनी गुडमन पाहा. अण्णांवर ज्याची छाया सांगतात तोच हा क्लॅरिनेटवाला. 16 जानेवारी 1938 ला त्याने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं. एक मायक्रोफोन वर टांगला होता. त्या रात्रीच्या तबकड्या बारा वर्षं पडून होत्या; 1950 मध्ये त्या बाजारात आल्या आणि ती रात्र अजरामर झाली. एका रात्रीने हे केलं. ताजच्या जेवणाच्या टेबलांवर रोज रात्री मायक्रोफोन कोण टांगणार?

मिकीबद्दल हळहळ मात्र नको. 2011 मध्ये, नव्वदी केव्हाच ओलांडून तो गेला. मुलगी क्रिस्टीन अमेरिकेत जॅझ गाते. दोन दशकं एकाच मंचावर रोज वाजवायला मिळणं हे आजच्या कुठल्या वादकाच्या नशिबी आहे? ‘उपेक्षित कलावंत’ म्हटलं की आपण लगेच फाटका कोट आणि खोकला शोधतो. उपेक्षा झाली ती आपल्या कानांकडून, आणि लातूर पॅटर्नमध्ये या विषयाला गुण नसल्याने ती तशीच चालू राहील.

तर डीजे. नांदेड-लातूरकडे क्लॅरिनेट कुणी ताजमधून आणलं नाही, ते वरातीच्या बँडातून आलं. चाल क्लॅरिनेटवर, उठाव ट्रंपेटवर, मागे ताशा. आपल्याच निजामी राजवटीतल्या रायचूरकडचे पंडित नरसिंहलू वडवाटी याच वाद्यावर ख्याल वाजवत आले, म्हणजे वाद्यात काही उणं नाही. पण मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर आले आणि क्लॅरिनेटवाला आधी मागच्या रांगेत गेला, मग बँडातूनच गेला. याला आकडा द्या म्हणाल तर आकडा नाही. लातूरच्या गंजगोलाईतून जाणारी वरात ऐका, पुरावा मिळेल. कानात बोळे घालून ऐकलंत तरी चालेल.

पुढच्या ‘सी. रामचंद्र रजनी’च्या संयोजकांना एक सूचना. कीबोर्डचं ते बटण राहू द्या आणि एखाद्या बँडातला उरलासुरला क्लॅरिनेटवाला बोलवा. लगीनसराई संपली की तो मोकळाच असतो. फक्त त्याच्या वाद्याचा सा काळी पाचचा असतो, एवढं गायकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा.